ताईचे सासरे आणि तिसऱ्या मजल्यावरची भिंत

तुम्ही आत्ता ज्या भिंतीला टेकून हे वाचताय, तिच्या आत कोण आहे हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? रागावू नका. प्रश्न माझा नाही, आमच्या ताईच्या सासऱ्यांचा आहे, आणि तो इतक्या गंभीर चेहऱ्याने विचारणारा दुसरा माणूस अख्ख्या पुण्यात मला भेटलेला नाही. ताई म्हणजे माझी चुलत बहीण. तिचे सासरे विद्युत निरीक्षकाच्या कचेरीतून निवृत्त झाले, विश्रांतवाडीत राहतात, आणि माझं ठाम मत आहे की भुताखेतांवर त्यांच्याइतका कमी विश्वास असलेला आणि तरीही लोकांना त्यांच्याइतकं घाबरवणारा माणूस या शहरात झालेला नाही. ते तुमच्या घरी येतात, चपला काढतात, खुर्चीत बसतात, चहाचा पहिला घोट घेतात आणि एकदम थांबतात. मग समोरच्या कोऱ्या भिंतीकडे, जिथे कॅलेंडरसुद्धा नाही अशा जागेकडे बोट दाखवून हळू आवाजात म्हणतात, "इथे एक आहे." घरातली म्हातारी माणसं पदर सावरतात, लहान मुलं आईच्या मागे जातात. ते उठतात, भिंतीजवळ जातात आणि ताप बघावा तसा उजवा हात उलटा करून भिंतीला लावतात. हात नेहमी उलटाच. सुलटा लावला आणि आत काही जिवंत निघालं तर मूठ मिटते आणि सुटत नाही, म्हणून. हे कारण ते मागाहून सांगतात. तोपर्यंत चहा निवलेला असतो आणि यजमानही.

त्यांचं म्हणणं साधं आहे, पण ते साधेपणाने मांडणं त्यांना जमत नाही. आपण सगळे 'पॉइंट' म्हणजे दिवा समजतो. हॉलमध्ये किती पॉइंट हवेत, असं वायरमन विचारतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर दिवेच येतात. ताईच्या सासऱ्यांना हे सहन होत नाही. "दिवा म्हणजे पॉइंट नव्हे," ते म्हणतात. "दिवा जोडता यावा म्हणून घरातलं वायरिंग जिथे येऊन थांबतं, ती जागा म्हणजे पॉइंट. नियमात तसंच आहे. दिवा पाहुणा. बल्ब काढा, होल्डर काढा, झुंबर विकून टाका. पॉइंट कुठे जातो? तो तिथेच असतो. वाट बघत." हे शेवटचे दोन शब्द नियमात नाहीत, ते त्यांचे स्वतःचे. त्यांच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात, कीर्तनाची आवड असलेले. त्यांनी एकदा हे सगळं ऐकून हात जोडले आणि म्हणाले, "वा! म्हणजे आत्म्याचंच झालं की हो हे. देह जातो, आत्मा राहतो." ताईच्या सासऱ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी उघडी वायर दातांनी सोललीय. आमच्या दोन्ही घरांत आजोबांच्या पिढीने धम्म स्वीकारला, तेव्हापासून आत्म्याला उंबऱ्याच्या आत जागा नाही. "आत्मा नसतो," ते म्हणाले. "पॉइंट असतो."

ताईचं लग्न ठरलं तेही याच वेडातून. मुलगी बघायला येणार म्हणून मी त्या दिवशी संतापलेली होते; आमच्या घरी मुलांना बडबडगीतांच्या आधी पत्रकं वाचून दाखवली जात, त्यामुळे या बघण्याच्या प्रथेविरुद्ध एक खरमरीत पत्रक लिहून मी खिशात तयार ठेवलं होतं. मुलाच्या वडिलांनी मुलीला काही विचारायचा अवकाश, की मी ते त्यांच्या हातात देणार होते. ताई पोहे घेऊन आली. हा गृहस्थ तिच्याकडे बघेचना. मान मागे टाकून छताकडे बघत बसलेला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "पंख्याच्या शेजारी ते दुसरं भोक आहे, त्यात कोण आहे?" काकू पांढरी पडली. ताई शांतपणे म्हणाली, "आधी तिथे झुंबर होतं. आता नुसती वायर आहे. टोकं वेगवेगळी करून टेप लावलीय, आणि त्याचं बटण मी कायम बंद ठेवते." त्यांनी मान खाली आणली, खिशातून पांढरं प्लास्टिकचं गोल झाकण काढलं, स्टूल मागितलं, वर चढून ते भोकावर बसवलं आणि खाली उतरून हात झटकत म्हणाले, "आमच्याकडून पसंत." माझं पत्रक खिशातच राहिलं. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीपेक्षा छत जास्त बघितलं गेलं, तर त्याविरुद्ध काय भूमिका घ्यायची हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

ती गोल झाकणं त्यांच्या सगळ्या खिशांत असतात. शनिवार पेठेतल्या एका ठरलेल्या दुकानातून ते आणतात, आणि तिथला दुकानदार त्यांना पुरून उरतो. "कशावर लावायचंय झाकण?" तो विचारतो. "जिथे काही नाही तिथे," हे सांगतात. "मग कशाला लावता? 'काही नाही' काय पळून जाणार आहे का?" दोघेही हसत नाहीत. तो झाकणं कागदात बांधून देतो, हे ती सुटी करून खिशात टाकतात. मग ओळखीच्या घरी, अनोळखी घरी, दवाखान्यात वाट बघता बघता, एकदा तर चक्क मयताला गेले असताना, भिंतीवर किंवा छताला उघडं तोंड दिसलं की ते बंद करतात. त्या मयताच्या घरातला प्रसंग मला ताईने सांगितला. गेलेल्या गृहस्थांच्या खाटेच्या बरोबर वर एक रिकामा होल्डर लोंबत होता. बायका रडत होत्या. हे वर बघत उभे राहिले आणि सांत्वनाच्या सुरात म्हणाले, "हे गेले, पण इथली जागा अजून जिवंत आहे." गेलेल्यांच्या थोरल्या बहिणीने खाट बाहेर काढायला सांगितली. खाट निघाली हे चांगलंच झालं, असं त्यांचं मत. त्या होल्डरखाली ओल्या हाताने कोणी पंचा वाळत टाकला असता तर त्या घरात दुसरं मयत झालं असतं.

संध्याकाळी ते फिरायला जातात तेही बागेत नाही. धानोरीच्या बाजूला नव्या इमारती उभ्या राहतायत, नुसते सांगाडे, खिडक्यांच्या जागी चौकोनी काळोख. तिथे कुंपणाबाहेर ते उभे राहतात. एकदा मीही बरोबर होते. दिवस मावळत होता आणि प्रत्येक मजल्याच्या छतातून वायरींची टोकं खाली आलेली दिसत होती, वाऱ्याने किंचित हलणारी. वर माणूस नाही, आवाज नाही. "अजून कोणी राहायला आलेलं नाही," ते म्हणाले, "पण जागा ठरून गेल्यात. इथे कोणी जेवेल, इथे कोणी आजारी पडून छताकडे बघत राहील. त्यांना माहीत नाही. या टोकांना माहीत आहे." मी म्हणाले, "काका, तुम्ही लोकांना उगाच घाबरवता." त्यावर ते म्हणाले, "तुझी पत्रकं काय अंगाई म्हणून लिहितेस?"

काही वर्षांपूर्वी नवरात्रात मी ताईकडे राहायला गेले होते. आमच्याकडे घट बसत नाहीत, पण सोसायटीत बसतात, आणि त्या वर्षी सोसायटीत एकच विषय होता. शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका सुनेच्या अंगात देवी येत होती. सून मूळची वर्ध्याकडची, नाव अर्चना, लग्नाआधी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. लग्नानंतर सासूने नोकरी सोडायला लावली होती. सासू लोणी काळभोरची, आवाज खणखणीत, शब्द शेवटचा. ही सून कधी मान वर करून बोललेली कोणी ऐकली नव्हती. आणि आता रोज दिवेलागणीला, आरती सुरू झाली की ती थरथरायला लागायची, दात एकमेकांवर आपटायचे, डोळे फिरायचे, आणि मग तिच्या तोंडून हुकूम निघायचे. पहिल्या दिवशी देवीने सुनेला माहेरी फोन करायची मोकळीक मागितली. मग सकाळचा स्वयंपाक सासूने करावा असं सांगितलं. सासू करत होती! इमारतीतल्या बायका ओटी घेऊन रांगेने येत होत्या, मुलाच्या परीक्षेचं विचारत होत्या, आणि मला या सगळ्यावर काय लिहायचं ते आधीच सुचलेलं होतं. मी मथळासुद्धा ठरवला होता.

जेवताना मी तावातावाने बोलत होते. ताईने मधेच सांगितलं, "एक विचित्र आहे बघ. तिला पाटावर बसवली की देवी येत नाही. सतरंजीवर बसवली की येत नाही. मागे भिंतीला हात लावून उभी राहिली की येते. आणि त्या भिंतीवर तर काहीच नाही. ना फोटो, ना खिळा."

ताईच्या सासऱ्यांचा घास तोंडाशी थांबला. "काहीच नाही असं कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं. मग भाकरी ताटात ठेवली. "पलीकडे काय आहे त्या भिंतीच्या?"

"बाथरूम," ताई म्हणाली.

ते उरलेलं जेवले नाहीत. "उद्या आरतीला आपण जाऊ," म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "तुझी पत्रकं घरी ठेव. ती बाई मरणार आहे."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही गेलो. ते दृश्य मी विसरू शकत नाही. छोटा हॉल, कोपऱ्यात घट, उदबत्तीचा धूर छताशी साचलेला. पुढे सतरंजी, तिच्यावर सासू, शेजारणी, घरातले पुरुष. बाहेर अजून उजेड होता, पण पडदे ओढल्यामुळे आत तांबूस काळोख होता. सासूने दिवेलागणीचे हात जोडले आणि दाराजवळच्या बोर्डावरून तळहात वरून खाली फिरवला. सणाचे दिवस, सगळी बटणं चालू. सगळे दिवे लागले. त्याच वेळी भिंतीपलीकडे नळाला पाणी आलं. नळ्यांतून गुरगुर आवाज आला आणि भिंतीवरचा एक ओलसर डाग, मला वाटतं, थोडा आणखी गडद झाला. सून स्वयंपाकघरातून आली. हात ओले, पाय ओले, पदर खोचलेला. सतरंजीवर तिला जागा नव्हती. ती मागे, उघड्या फरशीवर, भिंतीशी उभी राहिली. आणि आरती वर चढली तशी तिने आपला उजवा तळहात, सुलटा, त्या डागावर टेकवला.

मी आजवर पुष्कळ भोंदूगिरी पाहिलीय. ही ती नव्हती. तिच्या दंडावरची लव उभी राहिली, मनगट ताठलं, मान एका बाजूला ओढली गेली, आणि तिच्या घशातून जो आवाज आला तो तिचा नव्हता, कोणाचाच नव्हता. बायकांनी कपाळं जमिनीला टेकली. त्या क्षणी मला माझा मथळा आठवेना. ताईचे सासरे मात्र देवीकडे बघतच नव्हते. ते बोर्डाशी गेले आणि एकेक बटण बंद करू लागले. ट्यूब गेली, पंखा गेला, दिव्यांची माळ गेली. मग त्यांनी असं एक बटण बंद केलं की ज्याने काहीच विझलं नाही. सून भिंतीपासून सुटून खाली बसली.

"ह्यो काय चावटपना हाय?" सासू ओरडली. "देवी हाय ती! आरती चालू हाय न्हवं?"

"आरती चालू द्या," ते म्हणाले. "बटण बंद राहू द्या." त्यांनी दिवे पुन्हा लावले, बायकांना दूर सरकायला सांगितलं, स्वतःच्या रबरी चपला घालून, एका पाटावर चढून, ते एकच बटण पुन्हा चालू केलं आणि खिशातला टेस्टर त्या ओल्या डागावर टेकवला. कोरी भिंत. ना खिळा, ना वायर. आणि टेस्टरच्या पोटात तो छोटा तांबडा दिवा पेटला. पलीकडे पाणी वाहत होतं. भिंत आतून जागी आहे आणि इतके दिवस आपल्याकडे बघत होती, असंच मला वाटलं.

मग त्यांनी मेन स्विच बंद केला, उजेडासाठी पडदे बाजूला सारले आणि पुरुषांना सांगून बाकी सगळ्यांना जिन्यात उभं केलं. आत मी, ते आणि सून. खुर्चीत बसवल्यावर ती पाणी प्यायली. त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. आधीच्या मालकाचा तिथे भिंतीवरचा दिवा होता. त्याने दिवा काढला, पॉइंट तसाच ठेवून वरून गिलावा केला, रंग दिला. बाथरूमची नळी झिरपतेय, भिंत ओली होतेय. विजेची गळती झाली की आपोआप वीज तोडणारं उपकरण मेनपाशी असायला हवं. ते सारखं पडून वीज जाते म्हणून त्याच महाभागाने मधून काढून टाकलं होतं. पुढे सतरंजीवर उभ्या असलेल्यांना काही झालं नाही, कारण सतरंजी कोरडी आणि त्यांचा हात भिंतीला नाही. तुमचे पाय ओले, हात ओला, फरशी उघडी. "अजून थोडी ओल वाढली," ते म्हणाले, "की हात सुटणार नाही. समजतंय का आपल्याला?"

"समजतंय," ती म्हणाली. "मी लॅबमध्ये होते, काका. शॉक म्हणजे काय ते मला कळतं. पहिल्या दिवशीच कळलं होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पहिल्या दिवशी आपसूक झालं. शुद्धीवर आले तर सासूबाई माझे पाय दाबत होत्या." ती हे सांगताना हसली, आणि ते हसू त्या भिंतीपेक्षा भयानक होतं. "मग मी रोज हात ठेवला. दसऱ्यापर्यंत राहू द्या ना तो पॉइंट. देवीला अजून माझ्या नोकरीचं बोलायचंय. अष्टमीला बोलणार होती."

ताईच्या सासऱ्यांनी आयुष्यात किती इमारतींची वीज तोडली असेल कोण जाणे, पण तेव्हा त्यांचा स्क्रूड्रायव्हर धरलेला हात खाली आला. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. छताकडे नाही, भिंतीकडे नाही, तिच्याकडे. मग ते उठले आणि त्यांनी भिंत फोडली. ओलं प्लास्टर चिखलासारखं गळून पडलं. आत गंजलेल्या डबीतून दोन वायरी बाहेर आल्या होत्या, टेप कुजलेली, तांबं हिरवं पडलेलं, एखाद्याने झोपेत दोन बोटं पुढे करावीत तशी. त्यांनी वायर डबीच्या मागूनच तोडली, टोकं बंद केली, बोर्डातलं ते बटण काढून टाकलं, आणि भिंतीच्या मधोमध आपलं पांढरं गोल झाकण बसवलं. सून बघत राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

मग मंडळींना आत घेतलं. सासू त्या झाकणाकडे बघून म्हणाली, "म्हंजी आता देवी येनार न्हाई?" आणि झाकणाला कुंकू लावायला करंडा घेऊन पुढे झाली.

"लावा," ताईचे सासरे म्हणाले, "पण कोरडं. पाणी नको. उद्या त्या नळीला प्लंबर बोलवा आणि मेनपाशी गळती होताच वीज तोडणारं उपकरण बसवा. आणि आणखी एक." त्यांनी घसा साफ केला, तपासणीचा अहवाल वाचून दाखवावा तसा सूर लावला. "भिंतीतला करंट मी बंद केलाय. पण एवढे दिवस तो यांच्या अंगात मुरलाय. तो एका दिवसात उतरत नाही."

"मंग वो?" सासू एक पाऊल मागे सरकून सतरंजीवर गेली.

"दिवसाचं यांना घरात ठेवायचं नाही. घरात बसवलंत तर ज्याला हात लावतील त्याला लागेल. बाहेर, कामावर धाडायचं. सवयीचं काम हवं. काय करत होता आपण आधी?"

"लॅबमध्ये रक्त तपासत होते," सून कशीबशी म्हणाली.

"चालेल. तिथे अर्थिंग चांगलं असतं."

मी जिन्यात येईपर्यंत कशी गप्प राहिले ते मलाच माहीत. मग फुटले. "काका, हे काय सांगितलंत तुम्ही? अंगात करंट मुरतो? तुम्ही? एक अंधश्रद्धा काढून दुसरी घातलीत! हे कुठल्या नियमात आहे?"

"कुठल्याच नाही," ते म्हणाले.

"मग?"

"असायला हवा होता." आणि पुढच्या वळणावर जिन्यातला बल्ब गेलेला दिसला तेव्हा तोंडातल्या तोंडात सोसायटीच्या अध्यक्षांना शिव्या देत खाली उतरले.

त्यानंतर मी त्यांच्याशी काही आठवडे बोलले नाही. ते तत्त्वाचं भांडण होतं, आणि आजही मी पूर्ण हरले असं मला वाटत नाही. पण अर्चना लॅबमध्ये जायला लागली. मी तिला आळंदी रस्त्यावरच्या बसथांब्यावर डबा घेऊन उभी असलेली पाहिली. आणि ताईचे सासरे अधूनमधून त्या घरी तपासणीला जाऊ लागले. तिला समोर बसवायचे, टेस्टरचं टोक तिच्या मनगटाला लावायचे, दुसऱ्या हाताने आडोसा करून आत निरखून बघायचे आणि मान हलवून म्हणायचे, "अजून आहे." सासू निमूटपणे चहा ठेवायची. एकदा तडजोड म्हणून मी बरोबर गेले. सगळं नाटक मला माहीत होतं, तरीही मी त्यांच्या ओंजळीत डोकावले. तो छोटा तांबडा दिवा पेटलेला होता. मंद, पण पेटलेला. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, खिडकीजवळून एक वायर गेली होती, आणि जवळच्या चालू विजेनेही टेस्टर मंद पेटू शकतो, हे मी इथे मुद्दाम नोंदवते. जिन्यात मी विचारलं, "पेटला होता ना?" ज्यांच्याकडे प्रत्येक दिव्याचं स्पष्टीकरण असतं ते ताईचे सासरे एक पायरी उतरले, थांबले, आणि म्हणाले, "मीही तेच बघत होतो." पुढे त्यांनी तो विषय काढू दिला नाही.

हे सगळं सवयीने मी 'येतात, बघतात' असं सांगितलं, पण आता त्यांचे डोळे गेलेत. काचबिंदू उशिरा कळला. ताईच्या बाल्कनीत ते बसून असतात, सदऱ्याच्या खिशात झाकणं, हातात तो टेस्टर. संध्याकाळी ताईने दिवा लावला तरी विचारतात, "लावलास का गं?" दिवा त्यांना दिसत नाही, पण तो कुठे आहे ते विचारा, मान न वळवता बोट अचूक वर करतात. परवा ताईला भाजी घेताना अर्चनाची सासू भेटली. म्हणाली, "आता उतरला आसंल ना वो करंट? सुनंला घरी बसवावं म्हन्ते. पोराबाळांचं बी बघायला हवं." ताईने घरी येऊन सांगितलं. ते ऐकून काकांनी टेस्टर उगाच दोन बोटांत फिरवला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि टेस्टरमधला दिवा बघायला डोळे नाहीत. "कोणीतरी जायला हवं," ते म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही. मी जाऊ शकत नाही. त्या घरात मला पत्रकवाली म्हणून ओळखतात, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

म्हणून तुम्हाला विचारते. त्या घराचा पत्ता मी देणार नाही, आणि त्याची गरजही नाही. असं घर तुमच्या जिन्यात आहे, फार तर एक मजला वर. तिथे जा. मीटर बघायला आलो म्हणा, वर्गणी मागायला आलो म्हणा. त्या बाईला समोर खुर्चीवर बसायला सांगा. खरं बोलून तिला कामावर जाता येत असेल तर खरंच बोला. मी जन्मभर खऱ्याच्याच बाजूने उभी राहिलेय आणि तुम्हाला दुसरं सांगणार नाही. पण खऱ्याने भागत नाही असं दिसलं, तर तिच्या मनगटाकडे नीट बघा, चेहरा गंभीर ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, "अजून आहे."